साहेबांचे उरलेले वाक्य

आबांची डाळिंबाची बाग पाण्याने गेली, असे आमच्या घरात आजही सांगितले जाते. ती माझ्या बोलण्याने गेली. आणि बोलण्यापेक्षाही मोठा दोष माझ्या नंतरच्या गप्प बसण्यात होता. त्याचे भोग माझ्या चुलत बहिणीच्या वाट्याला आले. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी लोकांपुढे कसे बोलावे, मुलाखतीला कसे सामोरे जावे, आपले काम इतरांना कसे समजावून सांगावे हे शिकवण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या वर्गांत मी पुष्कळ उदाहरणे दिली. हे एक कधी दिले नाही.

आमचे घर कळसला, गावापासून जरा बाजूला, पाटाच्या अंगाला. वडील इंदापूरला तहसील कचेरीत कारकून होते आणि सुट्टीपुरते घरी येत. त्यामुळे शेत, घर आणि आम्ही मुले, सगळे थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या हाती होते. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. आबांची बायको, जिला आम्ही मोठी आई म्हणत असू, परातीत बाजरीची भाकरी थापू लागली की तो आवाज भिंतीतून उशीपर्यंत येई, आणि त्यातच आबांच्या वहाणांची करकर बागेच्या दिशेने जाताना ऐकू येई. झाडांना हात लावल्याशिवाय चहा गोड लागत नाही, असे ते म्हणत. बहार धरण्यापूर्वी, म्हणजे झाडे फुलावर आणण्यापूर्वी, बागेचे पाणी तोडून तिला ताण द्यावा लागतो. त्या दिवसांत आबा स्वतःही जरा कमी जेवत, हे आमच्या कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने. चांगली फळे पेटीत बसून बाजाराला जात. घरात खायला येत ती उललेली, तडकलेली. मोठी आई त्यांचे दाणे ताटलीत काढी, वर मिठाची चिमूट टाकी, आणि आम्ही पोरे ओट्यावर बसून ती ताटली संपवत असू. सालीचा काळा डाग बोटांवरून दिवसचे दिवस जात नसे. पुढे अनेक शहरांत मी महागडी, निवडक, डागविरहित डाळिंबे विकत घेतली. उललेल्या फळाची चव त्यांना नाही, असे म्हणण्याचा मला अधिकार राहिलेला नाही, म्हणून मी म्हणत नाही.

शालन ही आबांची मुलगी, माझ्याहून काही महिन्यांनी मोठी. आम्ही दोघेही बारामतीच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला होतो आणि एकाच एसटीने जात-येत होतो. ती खिडकीशी बसे, मांडीवर पुस्तक घेई आणि ओठ न हलवता वाची. प्रयोगशाळेत तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर होता. तोंडी परीक्षेत मात्र ती मागे पडे, आणि त्याचे कारण मला फार उशिरा समजले. परीक्षकांनी विचारले, "उत्तर काय आले?" की ती म्हणे, "सर, एकदा असं आलं, दुसऱ्यांदा थोडं वेगळं आलं. माझं चुकलं असंल, नायतर द्रावण जुनं असंल." परीक्षक पुढच्या विद्यार्थ्याकडे वळत. तो पुढचा विद्यार्थी बहुधा मी असे. मी एकच आकडा सांगे, छाती पुढे काढून सांगे, आणि गुण घेऊन बाहेर येई.

छाती पुढे काढायला मला एका शिकवणीत शिकवले होते. बारामतीत सायकलींच्या दुकानावरच्या माडीवर एक निवृत्त गृहस्थ खेड्यातल्या मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवत. आम्ही त्यांना नुसते सर म्हणत असू. ते मनाने वाईट नव्हते. खेड्यातली हुशार मुले मुलाखतीत पडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यामागचे कारण त्यांना सापडले होते. "तुम्ही लोक प्रत्येक वाक्याला शेपूट लावता," ते म्हणत. "असंल, बघू, काय की. पाऊस पडेल का? पडंल बाबा. पोरगं पास झालं का? झालं असंल. अरे, समोरचा साहेब म्हणेल, याला काहीच माहीत नाही." मग ते एकेकाला उभे करून प्रश्न विचारत, आणि उत्तरात शेपूट आले की बाकीच्यांनी टाळी वाजवायची. त्या टाळीची मला इतकी लाज वाटू लागली की थोड्याच महिन्यांत माझ्या बोलण्यातून ती सगळी शेपटे गळाली. आमच्याकडची माणसे पाण्याची, पिकाची, आजाऱ्याची गोष्ट निघाली की नक्की असे काही बोलत नाहीत. त्यात अडाणीपणा कमी आणि जपून राहणे जास्त असते, हे सांगणारे त्या माडीवर कुणी नव्हते. शालन त्या वर्गाला येत नसे, कारण मुलींना आधीची एसटी पकडावी लागे. घरी मी आरशापुढे सराव करू लागलो की ती दारातून म्हणे, "त्या आरशातल्या मानसाशी कशापायी भांडतुयस? त्यानं काय केलंय तुझं?"

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या प्राध्यापकांनी कळसच्या शाळेच्या पटांगणात बागायतदारांची बैठक ठरवली. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे देऊन आमच्या भागातल्या काळ्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, होऊ लागल्या होत्या. उन्हाळ्यात वर पांढरी खपली धरे आणि पिके पिवळी पडत. दक्षिणेकडच्या एका संशोधन संस्थेतले वयस्क शास्त्रज्ञ त्यासाठी येणार होते. त्यांना मराठी येत नव्हते आणि गावाला इंग्रजी. प्राध्यापकांनी वर्गावर नजर फिरवली आणि मला म्हणाले, "वसंत, तू भाषांतर करायचंस. तुझं बोलणं स्वच्छ आहे." त्या दिवशी एसटीत मी शालनशी बोललोसुद्धा नाही, इतका मी मनातल्या मनात बोलत होतो.

बैठकीला गर्दी चांगली होती. प्राध्यापक मात्र ऐन वेळी कामात अडकले आणि येऊ शकले नाहीत. आबा पहिल्या रांगेत धुतलेला फेटा बांधून बसले होते, आणि शालन मागे बायकांच्या घोळक्यात. सुरुवात महादूरावांनी केली. गावात कुठलीही सभा त्यांच्या थट्टेवाचून सुरू होत नसे.

"सायेबांना इचार वसंता," ते म्हणाले, "आमची जमीन पांढरी पडाय लागलीय. म्हातारी झाली म्हनायची. कलप लावावा का कसं?"

सभा हसली. मी ते भाषांतरित केले तेव्हा साहेबही हसले, आणि मग त्यांनी हळू, थांबत थांबत उत्तर दिले. ते उत्तर माझ्या कानात आजही जसेच्या तसे आहे. जिप्सम टाकून वर पाणी दिले तर अशा जमिनीतले क्षार धुऊन खाली जातात, असे आमच्या छोट्या तुकड्यांवर दिसले आहे, ते म्हणाले. पण क्षारांना बाहेर जायला वाट हवी. शेताला खोल चर नसतील तर ते पाणी तिथेच तुंबेल आणि नुकसान करील. उभ्या फळबागेत आम्ही हे अजून केलेले नाही. तिथे काय होईल हे आम्हालाही ठाऊक नाही. कुणाला करून पाहायचेच असेल तर आधी चर काढा, मग एका कोपऱ्यात करा, वर्षभर थांबा, आणि आम्हाला कळवा.

ते बोलत असताना सभेत चुळबूळ सुरू झाली होती. महादूराव म्हणाले, "सायेब कीर्तनाला बसलं जनू. वसंता, येवढ्या लांबड्यात औषिध कुठं हाय ते सांग. व्हय का न्हाय?"

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. आबांचाही. एवढ्या लांबून आलेला शास्त्रज्ञ 'आम्हालाही ठाऊक नाही' असे म्हणतो, हे गावापुढे माझ्या तोंडून निघाले असते तर त्यांच्याबरोबर मीही हास्यास्पद ठरलो असतो, असे मला वाटले. माडीवरची टाळी मला ऐकू आली. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "व्हय. जिप्सम टाका, वरून भरपूर पाणी द्या. मीठ धुऊन खाली जातं. जमीन सुधारते, साहेबांनी स्वतः करून बघितलंय."

सभेने मान डोलावली. कुणीतरी म्हणाले, "ह्याला म्हनत्यात बोलनं." साहेबांनी माझ्याकडे पाहून समाधानाने हात जोडले, आपले सगळे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचले असे त्यांना वाटले.

संध्याकाळी शालन अंगणात मेथी निवडत बसली होती. मी जवळून जाताना तिने मान वर न करता म्हटले, "सायेब असं न्हाई म्हनलं."

"येवढं बारीक सांगून कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

"चराचं बारीक न्हाय. आपल्या बागंला चर कुठं हाय? आनि उभ्या बागंचं तर त्यांना सोताला ठाऊक न्हाय म्हनलं. आबा बहाराच्या आधी जिप्समचं बघतो म्हनत्यात. जा, सांगून ये त्यांना. तू सांगितलंस तू दुरुस्त कर."

"सांगतो," मी म्हणालो.

रात्री जेवायला बसलो तेव्हा वांग्याचे भरीत होते आणि आबा नेहमीपेक्षा मोकळे होते. त्यांनी स्वतःच्या ताटातला लोण्याचा गोळा माझ्या भाकरीवर ठेवला आणि मोठ्या आईला म्हणाले, "आज कळालं पोरगं काय शिकतंय ते. सायबाच्या बरूबर उभं ऱ्हाऊन बोललं. अडाकलं न्हाय कुठं." लोणी भाकरीवर वितळू लागले. ते वितळून संपेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी एसटीत शालनने विचारले, "सांगितलंस का?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिचा माझ्यावर विश्वास होता. इतक्या साध्या गोष्टीत घरचा माणूस खोटे बोलेल ही शक्यताच तिच्या मनात आली नाही. पुढे आबांनी जिप्सम आणून सगळ्या बागेत पसरले तेव्हा तिला वाटले, त्यांनी ऐकून, विचार करून, आपल्या हिमतीवर हा निर्णय घेतला आहे, आणि वडिलांच्या निर्णयाला आडवे जाण्याची आमच्या घरात रीत नव्हती. मला मात्र ठाऊक होते. मी बागेत जाणे टाळू लागलो. परीक्षेचे कारण पुढे करून बारामतीला एका मित्राच्या खोलीवर राहिलो, आणि काहीही होणार नाही, असे स्वतःला समजावत राहिलो.

पाटाला पाणी आले आणि आबांनी बाग भरून घेतली. पुन्हा भरली. पाणी जिरेना, तेव्हा त्यांना वाटले, मीठ धुतले जाते आहे. सखल बाजूची पाने आधी पिवळी पडली, मग गळाली, मग त्या ओळी उभ्याच्या उभ्या वाळल्या आणि वाळणे चढाकडे सरकू लागले. मी घरी आलो त्या सकाळी आबा एका झाडाची मुळी हातात धरून उभे होते. ती काळी पडली होती आणि बोटांनी दाबली की साल सुटत होती. त्यांनी ती नाकाशी नेली, वास घेतला आणि खाली ठेवली. पुढे ट्रॅक्टर लावून झाडे उपटली तेव्हा ते घरातून बाहेर आले नाहीत. इंजिनाचा आवाज बंद होईपर्यंत मोठ्या आईने चूल पेटवली नाही, आणि त्या दिवशी घरात कुणाला भूकही नव्हती.

शेवटी एका दुपारी ओट्यावर विषय निघाला. शेजारच्या गावात कुणीतरी त्याच साहेबांचा सल्ला दुसऱ्या कुणाकडून ऐकून आधी चर काढले होते आणि नंतर एका कोपऱ्यात जिप्सम टाकले होते, हे आबांच्या कानावर आले होते. आबा रागावलेले नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचे होते.

"सायेब चराचं काय बोललं व्हतं का?" त्यांनी विचारले. माझ्याकडे पाहून नाही, शालनकडे पाहून. "वसंता पुढं व्हता, त्याच्या हातनं गडबडीत ऱ्हाईलं असंल. पर तू बी तितं व्हतीस की. तुला इंग्रजी कळतं. तू ऐकलंस का?"

शालनने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी तिला सगळे कळले. मी सांगितले नव्हते, आणि सांगितले असे तिला खोटे सांगितले होते. त्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितले होते की साहेबांना माझे बोलणे फार आवडले आहे, आणि पुढच्या शिक्षणासाठी ते माझी शिफारस करणार आहेत. हे घरात सगळ्यांना माहीत होते, तिलाही.

"न्हाय आबा," ती म्हणाली. "मला त्यांचं इंग्रजी कळलं न्हाय."

आबा म्हणाले, "तीन वर्सं येष्टीनं हेलपाटं घालून येवढं बी कळाना, तर मग कशापायी जायाचं?" त्यांनी आवाज चढवला नाही. तो प्रश्न खरोखरीचा होता आणि त्याचे उत्तर त्या ओट्यावर फक्त माझ्याकडे होते. मी खाली पाहिले. मी बोलण्यात पटाईत होतो. माडीवरच्या सरांनी मला नजर वर ठेवायला, हात कसे धरायचे ते, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवले होते. त्यातले काही मला आठवले नाही.

शालनने शेवटची परीक्षा दिली नाही. तिला कुणी अडवले असे म्हणता येणार नाही. बाग गेल्यावर भाजीपाल्याचे काम वाढले होते, तिने ते उचलले आणि एसटीचा पास नवा केला नाही. पुढे तिला लोणी भापकरला दिले. मी शिफारशीवर पुढे शिकलो, मातीचाच शास्त्रज्ञ झालो, आणि बोलणे चांगले म्हणून तरुण संशोधकांना बोलायला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. तिथे मी आग्रहाने सांगतो की आपल्याला काय ठाऊक नाही ते आधी सांगा. मुले लिहून घेतात. एकदा एका मुलीने विचारले, "सर, मुलाखतीत असं सांगितलं तर नोकरी मिळते का?" मी काहीतरी बोललो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी एका निवड समितीवर होतो. एक मुलगा प्रत्येक उत्तराला मर्यादा जोडत होता, जपून, प्रामाणिकपणे. बाकीचे सदस्य म्हणाले, याच्यात आत्मविश्वास नाही. मी सही केली. माणूस पश्चात्तापाने सुधारतो असे लोक म्हणतात. माझ्याबाबत तरी मला तसा पुरावा सापडलेला नाही.

यंदा कळसला गेलो. मोठी आई आता नाही. आबा फार थकले आहेत आणि त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. शालन त्यांच्यासाठी येऊन राहिली आहे. बागेच्या जागी वेडी बाभूळ माजली आहे आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर पांढरी खपली आहे. ती जमीन पुन्हा पिकाखाली येईल असे मला, या विषयातला जाणकार म्हणून, वाटत नाही. दुपारी आबा खाटेवर टेकून बसले होते, शालन शेजारी शेंगा फोडत होती, आणि मी, जे वर्षानुवर्षे मनात रचत आलो होतो ते, माझ्या नेहमीच्या हळू आवाजात, नीट वाक्यांत बोलायला लागलो. शालनचे हात थांबले. आबांनी कानामागे हात धरला.

"काय म्हनतुय ह्यो?" त्यांनी शालनला विचारले. "तुला कळतंय का? सांग की मला."

शालनने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. क्षमाही दिसली नाही.

"माझ्या तोंडनं नको," ती म्हणाली. "तुझं तूच सांग. मोठ्यांदा बोल, त्यांना ऐकाय येत न्हाय."

मी खाटेपाशी खाली बसलो. रचलेले सगळे गेले. मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. शेजारच्या अंगणातली माणसे दारात आली, ती मला दिसली.

"आबा, सायेब म्हनलं व्हतं, चर न्हाय तितं पानी देऊ नका. उभ्या बागंचं आमाला बी ठाऊक न्हाय, म्हनलं व्हतं. एका कोपऱ्यात करून बगा, म्हनलं व्हतं. ते मी सांगितलं न्हाय. शालनला सगळं कळलं व्हतं. तिनं मला तवाच सांगितलं, आनि मी तुमाला सांगितलंय म्हनून तिला खोटं बोललो. तिला इंग्रजी येत व्हतं, आबा. माझ्यापरास चांगलं येत व्हतं. बाग माझ्यामुळं गेली, आनि तिचं शिक्षान बी माझ्यामुळंच गेलं. मला माफ करा, आबा. शालन, मला माफ कर."